ब्लेंडर चालू असलं की कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडतं, सेल बदलून झाला, आता काय करू?

पिंपळपान

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे या गोष्टीने डोक्याचा भुगा केलाय म्हणून शेवटी इथे लिहितेय. थोडं लांबलचक होईल, पण सगळं एकदाच सांगते.

मी थ्रीडीचं काम करते, मॉडेलिंग आणि छोटी अ‍ॅनिमेशन, सगळं ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. मशीन जुनं आहे, इंटेलचा चौथ्या पिढीतला आय-सेव्हन, ग्राफिक्स कार्ड मात्र मी नंतर नवीन टाकलंय, विंडोज १०. मशीन आधी भावाचं होतं, त्याने दुसरं घेतल्यावर माझ्याकडे आलं. कामाला काही अडचण नाही, क्रॅश नाही, निळा स्क्रीन नाही, रेंडर (म्हणजे मॉडेलवरून शेवटची चित्रं काढणं) नीट होतात. फक्त घड्याळ.

झालं असं की रात्री सव्वाएकला ब्लेंडर उघडून रेंडर लावला आणि झोपले. सकाळी उठून मेल उघडायला गेले तर ओटीपी चुकीचा. माझा पासवर्ड मॅनेजर याच कॉम्प्युटरवर आहे, ते दर तीस सेकंदाला बदलणारे सहा आकडी कोड तोच बनवतो. तीनदा टाकला, तीनदा चूक. अकाउंट कोणीतरी ताब्यात घेतलं असं वाटून हातपाय गार पडले. मग सहज फोनकडे लक्ष गेलं, फोनवर ६ वाजून १४ मिनिटं आणि टास्कबारवर ६ वाजून २. म्हणजे पाच तासात साडेअकरा मिनिटं गायब!

सेटिंगमध्ये जाऊन सिंक नाऊ दाबलं की लगेच बरोबर होतं. रीस्टार्ट केलं तरी आपोआप बरोबर होतं. पण परत दोन-तीन तास काम केलं की परत मागे. नुसतं ब्राउझर, मेल, गाणी असं चालू असेल तर दिवसभर एक सेकंद इकडेतिकडे नाही, भारी ग्राफिक्सचं काम सुरू केलं की झालं चालू. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदलला, काही फरक नाही.

दुसरी एक गोष्ट, याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही. मी शिकवण्यासाठी स्क्रीन रेकॉर्ड करते आणि आवाज वेगळ्या छोट्या रेकॉर्डरवर घेते. मागच्या वेळी आवाजाची फाइल बरोबर एक तासाची आणि स्क्रीनची ५७ मिनिटं ४१ सेकंदांची. दोन्ही एकाच वेळी चालू केलेल्या आणि एकाच वेळी बंद केलेल्या.

आणि खरा मनस्ताप परवा झाला. डेस्कटॉप आणि लॅपटॉपमध्ये एकच फोल्डर सिंक होतं. डेस्कटॉपवर मी फाइल नंतर सेव्ह केली, पण घड्याळ मागे असल्यामुळे तिच्यावर आधीची वेळ पडली, सिंकवाल्याला लॅपटॉपवरची जुनी फाइल नवीन वाटली आणि त्याने माझ्या कामावर ती टाकली. एका कॅरेक्टरचं सगळं रिगिंग, म्हणजे हालचालीसाठी आत बसवलेला सांगाडा, गेलं. त्यामुळे आता हे नुसतं दर थोड्या वेळाने सिंक दाबून भागण्यासारखं राहिलेलं नाही, कारण सापडायला हवं. कोणाला काही कल्पना?


खटपट्या

सीमॉस बॅटरी, म्हणजे तो मदरबोर्डवरचा सेल. घड्याळ मागे पडतंय म्हणजे ९९ टक्के तेच. नवीन सेलसुद्धा कधीकधी दुकानात पडून उतरलेला असतो, मल्टिमीटर लावून बघा, ३ व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे.


धूमकेतू_०७

माझ्या मते प्रोसेसर गरम होऊन क्लॉक खाली येतोय. रेंडरला सगळे कोअर फुल लोडवर असतात, टेम्परेचर वाढलं की थ्रॉटलिंग होतं, ३.९ वरून थेट २ गिगाहर्ट्‌झवर येतो. मग घड्याळपण हळू चालणारच ना. थर्मल पेस्ट बदला, पंखे साफ करा. एकदा टेम्परेचरचे आकडे टाका इथे.


काटेकोर

ताई, आधी सेलचा विषय संपवून टाकू, कारण प्रत्येक वेळी घड्याळाचं नाव निघालं की सगळे त्या बिचाऱ्या सेलच्या मागे लागतात.

कॉम्प्युटरमध्ये घड्याळं एकापेक्षा जास्त असतात. मदरबोर्डवर एक असतं, ते मशीन बंद असतानाही चालतं आणि सेल त्याच्यासाठी असतो. त्याचा क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, हा आकडा म्हणजे दोनचा पंधरावा घात, दोनने पंधरा वेळा भागत गेलं की बरोबर एक सेकंद उरतो. मनगटी घड्याळातही तोच क्वार्ट्झ असतो. पण विंडोज हे घड्याळ बघतं मुख्यतः सुरू होताना. एकदा सुरू झालं की पुढची वेळ ते स्वतः मोजत बसतं, प्रोसेसरच्या आतल्या काउंटरवरून आणि टायमरच्या टिकटिकीवरून. तुम्ही टास्कबारवर बघता ती ही दुसरी वेळ.

तुम्हीच लिहिलंय की रीस्टार्ट केलं की वेळ आपोआप बरोबर होते. मला तुमच्या पोस्टमधली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटली. म्हणजे बोर्डवरचं घड्याळ रात्रभर बरोबरच चाललं होतं, चुकलं ते विंडोजने स्वतः मोजलेलं. सेल खराब असता तर उलट झालं असतं, मशीन बंद करून चालू केल्यावर वेळ चुकलेली दिसली असती.

आता उष्णतेबद्दल. क्वार्ट्झ गरम झाला की थोडा चुकतो हे खरं, पण किती? साधा क्वार्ट्झ दहा लाखात वीसचा फरक दाखवतो, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. तुमच्याकडे पाच तासात साडेअकरा मिनिटं म्हणजे शेकडा ३.८, दहा लाखात अडतीस हजार. सांगितलेल्या चुकीच्या जवळजवळ दोन हजार पट! असा क्वार्ट्झ गरम झालेला नसतो, तुटलेला असतो, आणि तुटलेला असता तर मशीन चालूच झालं नसतं.

तेव्हा अंदाज बाजूला ठेवून मोजू या. सेटिंगमधलं आपोआप वेळ जुळवणं थोडा वेळ बंद करा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडा, विंडोजच्या टाइम सर्व्हिसची जी कमांड आहे तिला स्ट्रिपचार्ट नावाचा पर्याय आहे, त्याला टाइम डॉट विंडोज डॉट कॉम हा सर्व्हर द्या. तो दर दोन सेकंदांनी सर्व्हरच्या आणि तुमच्या वेळेतला फरक छापत जातो आणि तुमच्या घड्याळाला हात लावत नाही, नुसतं बघतो. दहा मिनिटं काही न करता चालू ठेवा, मग दहा मिनिटं ब्लेंडरमध्ये नुसतं मॉडेलिंग करताना, मग दहा मिनिटं रेंडर चालू असताना, आणि मग ब्लेंडर बंद करून दुसरं कुठलंतरी तितकंच भारी काही चालवून, एखादा ग्राफिक्स बेंचमार्क, म्हणजे कार्डाचा वेग तपासणारं प्रोग्रॅम, वगैरे. चारही आकडे इथे लिहा. फरक एकदम उडी मारून पडतो की सरळ रेषेत वाढत जातो तेही बघा, त्यावर बरंच अवलंबून आहे.


जुनाबोर्ड

धूमकेतू, तुमचं म्हणणं आजच्या प्रोसेसरला लागू नाही, पण एके काळी ते अगदी खरं होतं, म्हणून लिहितो.

प्रोसेसरच्या आत टाइम स्टॅम्प काउंटर असतो, टीएससी म्हणतात, १९९३ च्या पेंटियमपासून आहे. सुरुवातीला तो प्रोसेसरच्या प्रत्येक ठोक्याला एकने वाढायचा. प्रोसेसरचा वेग कायम एकच होता तोवर हे ठीक होतं. मग वीज वाचवण्यासाठी वेग वरखाली करणारे प्रोसेसर आले आणि त्याबरोबर हा काउंटरही हळू-जलद व्हायला लागला. २००५ च्या सुमाराला ड्युअल कोर आले तेव्हा तर कहर होता, दोन कोअरचे दोन काउंटर आणि त्यांचा एकमेकांशी मेळ नाही. माझ्याकडे तसं मशीन होतं. गेममध्ये गाडी सरळ चाललेली असायची आणि मध्येच दहा फूट मागे जायची, कारण गेम एका कोअरवरून दुसऱ्यावर गेला की त्याच्या दृष्टीने वेळच मागे गेलेली असायची. मी महिनाभर ग्राफिक्स कार्डाला दोष देत होतो, ड्रायव्हर बदलून बदलून थकलो. शेवटी बूटच्या फाइलमध्ये एक शब्द वाढवून विंडोजला पॉवर मॅनेजमेंटचा टायमर वापरायला लावला, तो वेगळ्याच क्वार्ट्झवर चालतो, आणि गाडी मागे जायची थांबली.

त्याच्याही आधी डॉसच्या दिवसांत टायमरची चिप सेकंदाला १८.२ वेळा टिकटिक करायची. गेमवाल्यांना तेवढ्याने भागायचं नाही म्हणून ते चिपचा वेग वाढवून घ्यायचे, आणि जुन्या टिका नीट पुढे पोचवल्या नाहीत की गेममधून बाहेर येईपर्यंत डॉसचं घड्याळ भलतीच वेळ दाखवायचं. ग्राफिक्सचं काम आणि चुकलेलं घड्याळ ही जोडी फार जुनी आहे.

आताच्या प्रोसेसरमध्ये टीएससी एकाच ठरावीक वेगाने चालतो, कोअर २ गिगाहर्ट्‌झवर असो की ४ वर. ताईंचा चौथ्या पिढीचा आहे, त्यातही तसंच. त्यामुळे नुसत्या थ्रॉटलिंगने घड्याळ मागे पडू नये. पण काहीतरी पडतंय खरं. मोजमाप येऊ दे.


रात्रपाळी

माझा एक संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. विंडोजची नेहमीची टिक १५.६२५ मिलिसेकंदांची असते, सेकंदाला ६४. एखादा ड्रायव्हर प्रोसेसर जास्त वेळ अडवून बसला तर टिका चुकू शकतात. लेटन्सीमॉन नावाचं टूल आहे ते चालवून बघा, कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते कळेल.

आणि एक सोपी चाचणी. पेनड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स घेऊन त्यातून मशीन चालू करा आणि तिथे ब्लेंडर चालवा. आम्ही रेंडरची सगळी मशीनं लिनक्सवर चालवतो. तिथे कर्नल दर अर्ध्या सेकंदाला टीएससीला दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघतो, फरक प्रमाणाबाहेर गेला तर लॉगमध्ये टीएससी अनस्टेबल असं स्पष्ट लिहितो आणि स्वतःच एचपीईटीवर किंवा एसीपीआयच्या टायमरवर, म्हणजे बोर्डावरच्या दुसऱ्या घड्याळांवर, जातो. लिनक्समध्येही घड्याळ चुकलं तर बोर्डात दोष, नाही चुकलं तर विंडोजच्या बाजूला काहीतरी. एका तासात निम्मी शक्यता निकालात निघते.


पिंपळपान

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मोजलं. आणि जे आलं ते बघून मी अजूनच गोंधळले आहे.

काही न करता दहा मिनिटं, फरक शून्य, म्हणजे शेवटच्या दशांशात हलतो तेवढाच. रेंडर चालू असताना दहा मिनिटांत २३ सेकंद मागे. हे अपेक्षितच होतं. पण ब्लेंडर नुसतं उघडं ठेवून एक साधा क्यूब फिरवत बसले, प्रोसेसर पाच टक्केसुद्धा वापरात नाही, तरीही दहा मिनिटांत २३ सेकंद! आणि ब्लेंडर बंद करून ग्राफिक्सचा बेंचमार्क लावला, पंखे विमानासारखे ओरडायला लागले, कार्ड ७८ अंशांवर, आणि फरक परत शून्य.

म्हणजे लोडचा संबंधच नाही. मी इतके दिवस भारी काम, भारी काम म्हणत होते, कारण मी भारी काम ब्लेंडरमध्येच करते.

काटेकोर, तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते, फरक उड्या मारत नाही. ब्लेंडरची खिडकी उघडल्यावर चार-पाच सेकंदांत सुरू होतो आणि एका सरळ रेषेत वाढत जातो, पट्टी लावून ओढल्यासारखा. ब्लेंडर बंद केलं की तिथेच थांबतो. लेटन्सीमॉनही चालवलं, सगळं हिरवं, एकही ड्रायव्हर लाल नाही. टेम्परेचर रेंडरला ८१ पर्यंत जातं, थ्रॉटलिंग दिसत नाही.

ब्लेंडर डिलीट करून परत टाकलं, जुनी व्हर्जनही टाकून बघितली, तेच. पण एखादं प्रोग्रॅम घड्याळाचा वेग कसा बदलेल?


खटपट्या

मी वर घाईत लिहिलं होतं, पोस्ट नीट वाचलीच नव्हती, सॉरी ताई.

विंडोजला जबरदस्तीने एचपीईटी वापरायला लावायची एक कमांड फिरत असते, बूटच्या सेटिंगमधली. ती करून बघायची का? मी एका मशीनवर केली होती.


काटेकोर

खटपट्या, आत्ता नको. एचपीईटीचा क्वार्ट्झ वेगळा असतो त्यामुळे मोजमापं कदाचित सरळ होतील, पण त्याच्याकडून वेळ वाचायला टीएससीपेक्षा खूप जास्त वेळ लागतो, आणि ग्राफिक्सची सॉफ्टवेअर वेळ सतत विचारत असतात. वेग खाली येईल आणि मूळ कारण तसंच दडून राहील.

ताई, सरळ रेष म्हणालात तिथेच रात्रपाळींचा टिका चुकण्याचा संशय संपला. टिका चुकल्या असत्या तर कधी दोन सेकंद, कधी दहा, असं वेडंवाकडं दिसलं असतं. पट्टी लावून ओढल्यासारखी रेष म्हणजे मोजण्याचा गजच आखूड झालाय.

किती आखूड ते बघा. तुमची स्क्रीनची रेकॉर्डिंग ५७ मिनिटं ४१ सेकंद, म्हणजे ३४६१ सेकंद, आवाजाची ३६००. रेकॉर्डरला स्वतःचा क्वार्ट्झ आहे म्हणून तो खरा मानू. ३६०० भागिले ३४६१, उत्तर १.०४०. आणि दहा मिनिटांत २३ सेकंद म्हणजे ६०० भागिले ५७७, परत १.०४०. दोन वेगवेगळ्या दिवशी दोन वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेलं, आणि आकडा तोच. बिघाडातून इतका गोल आकडा येत नाही, तो कोणीतरी टाइप केलेला असतो.

माझा अंदाज सांगतो. तुमच्या बोर्डावर बेस क्लॉक नावाची चीज आहे, साधारण १०० मेगाहर्ट्‌झ. प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. थ्रॉटलिंगमध्ये हलतो तो मल्टिप्लायर, त्याने टीएससी हलत नाही, जुनाबोर्ड म्हणाले ते बरोबर. पण तुमच्या पिढीत टीएससी स्वतःच बेस क्लॉकवर बांधलेला आहे. विंडोज सुरू होताना बघतं की टीएससी किती वेगाने पळतोय, आणि पुढे तोच वेग गृहीत धरून मोजतं. नंतर चालू मशीनमध्ये कोणी बेस क्लॉकच १०४ चा १०० केला तर टीएससी हळू होईल, आणि विंडोजला त्याचा पत्ता लागणार नाही. १०० भागिले १०४ म्हणजे ०.९६१५, तासाला २ मिनिटं १८ सेकंद मागे. तुमच्या तासाच्या रेकॉर्डिंगमधला फरक १३९ सेकंद, म्हणजे २ मिनिटं १९.

हे माझ्या डोक्यातलं नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये एचडब्ल्यूबॉट या ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याच्या, साइटने विंडोज ८ वरचे बेंचमार्क स्कोअर घेणं याच कारणासाठी बंद केलं होतं. चालू मशीनचा बेस क्लॉक खाली आणला की घड्याळ हळू व्हायचं, तेच काम कमी सेकंदात झाल्यासारखं दिसायचं आणि स्कोअर फुगायचा. विंडोज ७ वर असं होत नव्हतं, विंडोज ८ पासून वेळ मोजायची पद्धत बदलली.

तेव्हा दोन गोष्टी बघा. एक, बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन बेस क्लॉक किती लिहिलाय ते. विंडोजमधल्या टूलने बघू नका, कारण वेग मोजणारं टूल त्याच आखूड झालेल्या गजाने मोजतं आणि सगळं ठीक आहे असं सांगू शकतं. दुसरं, ब्लेंडरच्या इएक्सइ फाइलची त्याच फोल्डरमध्ये एक कॉपी करा, तिला काहीही नाव द्या, आणि त्या कॉपीवरून ब्लेंडर उघडून दहा मिनिटं मोजा. घड्याळ नीट चाललं तर ब्लेंडर निर्दोष, आणि कोणीतरी त्या नावावर डोळा ठेवून बसलंय हे नक्की.


धूमकेतू_०७

कोअरचा क्लॉक आणि बेस क्लॉक यात मी गल्लत करत होतो, आत्ता कळलं. पण मग एक शंका, रेंडरला किती वेळ लागला ते ब्लेंडर दाखवतो ना, तो आकडापण चुकीचा?


काटेकोर

हो, तोही. खरी चार मिनिटं लागलेली फ्रेम तिथे ३ मिनिटं ५१ सेकंदांची दिसेल. वेळेशी संबंध असलेलं त्या मशीनवरचं सगळंच तितकं चुकतं, ऑटोसेव्हपासून ते ओटीपीपर्यंत. सापडत नाही ते यामुळेच, आतून बघितलं तर सगळं एकमेकांशी जुळतं, बाहेरच्या घड्याळाशी ताडल्याशिवाय कळतच नाही.


पिंपळपान

सापडलं!!

सविस्तर सांगते. बायोसमध्ये बेस क्लॉक १०४.००. हा आकडा वाचताना अंगावर काटा आला, खरंच. मग ब्लेंडरच्या फाइलची कॉपी केली, नाव दिलं मांजर, आणि मांजरवर डबल क्लिक करून ब्लेंडर उघडलं. दहा मिनिटं झाली, फरक शून्य. रेंडर लावला, वीस मिनिटं, शून्य. बंद करून खऱ्या नावाने उघडलं, पाचव्या सेकंदाला आकडा सरकायला लागला.

मग भावाला फोन केला. त्याला विचारलं की बाबा तू या मशीनमध्ये नेमकं काय करून ठेवलंयस. तो म्हणाला की मदरबोर्डबरोबर एक ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर आलं होतं, त्यात प्रोग्रॅमप्रमाणे प्रोफाइल लावता येतं. गेमसाठी त्याने बायोसमधून १०४ केलं होतं, पण तो तेव्हा ब्लेंडर शिकत होता आणि लांब रेंडरला मशीन फार तापायचं, म्हणून ब्लेंडर चालू झालं की बेस क्लॉक १०० वर आणायचं असं प्रोफाइल त्यात बनवलं होतं. ब्लेंडर त्याने दोन महिन्यांत सोडलं आणि प्रोफाइल राहून गेलं. ते सॉफ्टवेअर खालच्या कोपऱ्यात लपलेल्या आयकॉनमध्ये बसलेलं होतं, मी ते कधी उघडूनही बघितलं नव्हतं, मला वाटायचं पंख्यांचं काहीतरी असेल. उघडलं तर प्रोफाइलच्या यादीत एकच ओळ, ब्लेंडर, आणि समोर १००.००.

ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. बायोसमध्ये बेस क्लॉक १०० केला, चार टक्के वेग गेला तर गेला. आता तो ज्या आकड्यावर सुरू होतो त्याच आकड्यावर राहतो. काल रात्री मुद्दाम साडेपाच तासांचा रेंडर लावला, आपोआप वेळ जुळवणं अजून बंदच ठेवलं होतं. सकाळी फरक ०.०६ सेकंद. ओटीपी पहिल्या फटक्यात गेला.


रात्रपाळी

वा, मस्त. आणि ड्रायव्हरवरचा माझा आळ मागे घेतो. एक सांगतो ताई, आपोआप वेळ जुळवणं आता परत चालू करा, ते बंद राहून जातं आणि महिन्याभराने परत शोधाशोध सुरू होते. विंडोजचं जुळवणं मुळात फार सावकाश असतं, जुन्या व्हर्जनमध्ये तर आठवड्यातून एकदाच, म्हणून तुमच्याकडे ते मदतीला आलं नाही. आणि फोल्डर सिंकच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फाइलची प्रत ठेवायचा पर्याय असेल तर तोही चालू करा. आमच्याकडे एकदा दोन मशीनच्या वेळेत फक्त चाळीस सेकंदांचा फरक होता आणि जुन्या टेक्स्चरने नवीन टेक्स्चर पुसलं, सगळ्या फ्रेम परत काढाव्या लागल्या.


जुनाबोर्ड

फाइलचं नाव बदलून बघायची युक्ती फार आवडली, लिहून ठेवतोय. ताई, तुमच्या जुन्या स्क्रीन रेकॉर्डिंग टाकून दिल्या नसतील तर टाकू नका. चूक सगळीकडे सारखीच आहे, १.०४ ची, त्यामुळे त्या सरळ होतील.


पिंपळपान

आपोआप जुळवणं चालू केलं, प्रतींचा पर्यायही होता, तोही केला.

जुनाबोर्ड, तुम्ही म्हणालात म्हणून ती ५७ मिनिटांची फाइल एडिटरमध्ये घेतली आणि चित्राचा वेग ९६.१५ टक्के केला. लांबी आली ५९ मिनिटं ५९ सेकंद. खाली रेकॉर्डरचा आवाज ठेवला आणि अगदी शेवटच्या मिनिटात जाऊन ऐकलं. मी माऊस जरा जोरात आपटते, तो आवाज रेकॉर्डरवर येतो. टक् वाजतं आणि त्याच क्षणी स्क्रीनवर मेनू उघडतो. आता अशा आणखी अकरा रेकॉर्डिंग आहेत, आज बसून सगळ्या करते.